शिफ्टच्या जागी कंट्रोल

मित्रांनो, तेजलच्या हळदीची तयारी चालली होती. बायकांना वाटायला धवळ्यांच्या प्रती काढायच्या, म्हणून तिने फाईल उघडली. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची जुनी गाणी. पडद्यावर एकही गाणं नव्हतं. कोपऱ्यात फक्त एक काना-मात्रा होती, तीही अक्षराशिवाय.

मी त्या घरातला जुना कीबोर्ड. बोईसरला धर्मेशच्या टायपिंगच्या दुकानात कामाला लागलो. तेजलची आई भावना तिथे माझ्यावर लग्नपत्रिका टाइप करायची. तिच्या बोटांनी माझी अक्षरं पुसली गेली. तिला ती लागतही नव्हती. दुकानात नवा कीबोर्ड आला, तेव्हा मला टाकून न देता ती कुंभवलीला घरी घेऊन गेली.

घरी मला मान होता. तिच्या सासूबाई, माई, भाजी निवडताना धवळे सांगायच्या आणि भावना ते उतरवून घ्यायची. मी म्हनते कमी, तुजी खडखडच जास्त, असं माई तिला चिडवायच्या. भावनाचा नवरा प्रताप तारापूरच्या कारखान्यात. तो माझ्यापासून लांबच बसायचा.

"कंपनीत येवढं मशीन चालवता, आनि या बटनांना भिता?" भावना म्हणायची. तिने त्याला थोडंफार शिकवलंही. 'ओ' काढायला शिफ्ट धरून काना-मात्रेचं बटण दाबायचं. काही गडबड झाली, तर आधी सेव्ह करायचं.

मग भावना आजारी पडली आणि गेली. माझ्यावर कापड पडलं, ते बरेच महिने कोणी काढलं नाही.

तेजलचं लग्न ठरल्यावर प्रताप एकटाच माझ्यापुढे बसला. धवळ्यांच्या वर त्याला 'ओळी उतरवल्या भावनाने' एवढंच लिहायचं होतं. माझ्या बटणांवर काही वाचता येत नव्हतं. शिफ्टच्या जागी त्याचं बोट खालच्या कंट्रोलवर पडलं. कंट्रोल धरून ते बटण दाबलं की सगळा मजकूर निवडला जातो; सगळी गाणी निळी झाली. 'ओ' काही आला नाही, म्हणून त्याने कंट्रोल सोडून काना-मात्रेचं बटण पुन्हा दाबलं. गाणी गेली, त्यांच्या जागी ती काना-मात्रा उरली. तो घाबरला आणि तिने सांगितलं होतं तसं त्याने आधी सेव्ह केलं. फाईल बंद केली.

तेजलने विचारलं, "बाबा, तुमी फाईल उघडली होती?"

"हो. तिचं नाव घालत होतो."

तिने धर्मेशला बोलावून घेतलं. त्याने खूप शोधलं, पण हाती काही लागलं नाही. माईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ती समोर बसायची तवा आठवायचं. आता नाय आठवत." हळदीला धवळ्यांऐवजी स्पीकर लावला.

मित्रांनो, यंत्र जुनं झालं तर दोष कोणाचाच नाही. पण ज्याला ते येत नाही, त्याच्या शेजारी थोडा वेळ बसत जा.

तेजल सासरी मनोरला गेली. माईंना अधूनमधून भाजी निवडताना एखादी ओळ सुचते. त्या ती म्हणतात, प्रताप ऐकतो. त्यातली एकही ओळ अजून कोणी उतरवलेली नाही.