डॉरिसच्या गाडीचं नाक

नवरा गेल्यावर रत्नाबाई त्याच्या जागी नागपूरच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये लागल्या आणि सव्वीस वर्षं त्यांनी पत्राकाम केलं. रिटायर झाल्यावर मे महिन्यात त्या अमेरिकेत बॉथेलला लेकीकडे, जागृतीकडे आल्या आणि आठवड्याभरात कंटाळल्या. शेजारच्या गॅरेजमधून ठोकाठोक ऐकू आली, तशा सरळ आत शिरल्या.

तिथे सत्तरीची डॉरिस जुन्या विमानाच्या इंधन टाकीला चाकं लावून शर्यतीची गाडी बनवत होती. तिच्या वडिलांनी तरुणपणी अशीच एक बनवली होती. इंजिन तिला जमलं होतं, पण गाडीच्या नाकाला पडलेला पोचा ठोकावा तितका चिघळत होता. रत्नाबाईंनी तिच्या हातातून हातोडा घेतला, आतून वाळूची पिशवी टेकवली आणि हलक्या हाताने ठोकत तासाभरात पत्रा सरळ केला. डॉरिसने त्यावरून तळवा फिरवला आणि कॉफीचा दुसरा मग आणला. पुढे उन्हाळाभर दोघी राबल्या. भाषा जुळत नव्हती, खुणांवर भागायचं.

ऑगस्टमध्ये जागृती दोघींना घेऊन युटा राज्यातल्या मिठाच्या मैदानावर वेगाच्या शर्यतींना गेली. पहिल्याच धावेत वेग वाढला तसं नाक थरथरू लागलं. डॉरिसने गाडी थांबवली. शर्यतीचा तपासनीस म्हणाला, दुरुस्तीशिवाय परत धावू देणार नाही.

"जाऊ दे आई, नेक्स्ट इयर बघू," जागृती म्हणाली.

"नाही गं. चूक माझी आहे. आतून पट्टी द्यायला हवी होती. कुणाकडे तरी माग."

जागृती तंबूतंबूंतून फिरली. "माझ्या आईला हवीय, ती पत्राकाम करते," असं सांगत तिने अॅल्युमिनियमची पट्टी, ड्रिल आणि रिव्हेट मिळवले. रत्नाबाई भर उन्हात उकिडव्या बसल्या. संध्याकाळी तपासनिसाने नाक हलवून पाहिलं आणि मान डोलावली.

सकाळी डॉरिस सुटली. गाडीचा ठिपका झाला, मग तोही दिसेना. लाउडस्पीकरवर आकडा आला.

"आई, ताशी एकशे बावन्न मैल."

विक्रम मोडला नव्हता. तरी डॉरिस परतली ती रडत-हसतच, आणि तिने रत्नाबाईंना मिठी मारली.

दुपारी सामान भरताना रत्नाबाईंनी विचारलं, "जागृती, मला इथे कधीपर्यंत राहता येतं?"

"नोव्हेंबरपर्यंत. का?"

"शेपटीचा पत्रा जुना झालाय. तिला सांग, घरी गेल्यावर तो काढू."