‘तीन पायनी घोडी’ची गाइड

योगराजच्या प्रकाशनाचं नाव मोठं होतं, पण जागा सुरतच्या लिंबायतमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरचा पोटमाळा. तिथून तो गाइडा काढायचा. शाळेच्या नव्हे, सिनेमांच्या आणि गाजलेल्या कादंबऱ्यांच्या. कोण कुणाचा मुलगा निघतो, कुठल्या प्रसंगात कॅमेऱ्याची सावली दिसते, लेखकाने शेवट दोनदा का बदलला, असलं सगळं त्यात असायचं. मूळ कादंबरी न वाचता लोक गाइड वाचायचे आणि लग्नात, पारावर, सोशल मीडियावर ऐटीत बोलायचे. छाया त्या गाइडा लिहायची. तिला ते काम मनापासून आवडायचं. एखादी गोष्ट हजारो लोकांना का आवडते, हे शोधून काढण्यात तिला खरी मजा वाटायची.

‘तीन पायनी घोडी’ हा तिच्या लहानपणी सीडीवर आलेला अहिराणी सिनेमा. थिएटरात तो कधी लागलाच नाही. पण सुरतेतल्या प्रत्येक खान्देशी घरात तो पाहिलेला होता आणि आता त्याचे तुकडे मोबाइलवर फिरत होते. त्यातला सगळ्यात जास्त फिरणारा तुकडा म्हणजे नवरदेवाची मावशी शेणाच्या खड्ड्यात पडते तो. ती वर येते, कॅमेऱ्याकडे बघते आणि तिच्या तोंडातून घाण ओघळते. त्या चेहऱ्याचे लोकांनी स्टिकर बनवले होते.

“ही बाई भेस्तानला राहते,” योगराज म्हणाला. “तिची मुलाखत आण. गाइडचा जीव तिच्यात आहे.”

मंगलाबाई भेस्तानच्या एका चाळवजा बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची. छाया गेली तेव्हा ती साडीच्या काठाला टिकल्या चिकटवत बसली होती. नवरा सुकलाल कॉटवर पडून टीव्ही बघत होता. छायाने फोन रेकॉर्डिंगला लावला, सिनेमाचं नाव घेतलं, तसा सुकलाल उठून बसला आणि शूटिंगच्या गप्पा सांगू लागला. युनिटचा टेम्पो तोच चालवायचा. बोलून झाल्यावर तो चहाचं दूध आणायला खाली उतरला, आणि मग मंगलाबाई बोलली.

“तो खड्डा शेणना नव्हता.”

छायाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “मग?”

“शेण वरवर टाकेल व्हतं. खाले संडासनी टाकी व्हती. माले कोनी सांगेल नव्हतं. मी वाळू शे असं समजीसन पाय टाका.” ती एक एक टिकली लावत होती. “नाकमा, तोंडमा, कानमा. मी वर उनू तर सगळा हासी हासी बेजार. कॅमेरावालाना हात हालना म्हनीसन ते चित्र बिघडनं.”

“मग जो सिनेमात आहे तो?”

“तो दुसऱ्यांदाना.”

छायाने फोन थोडा जवळ सरकवला. मंगलाबाईच पुढे म्हणाली, “डायरेक्टर म्हने, परत पडनं पडी. मी नही म्हनू. मंग ह्यास्नी,” तिने सुकलालच्या रिकाम्या कॉटकडे बघितलं, “माले बाजूले लयी गयात नि सांगं, पड एकदाव, नहीतर मन्ही गाडी बंद करतीन. मी पडनू. त्या टायमाले माले माहीत व्हतं खाले काय शे.”

म्हणजे जो चेहरा बघून सगळी सुरत हसते, तो ह्या बाईचा सगळं ठाऊक असतानाचा चेहरा होता. नंतर मंगलाबाईला टायफॉइड झाला, डाव्या कानातून पू यायला लागला आणि त्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. सुकलाल दूध घेऊन आला. छायाने चहाचा कप तसाच ठेवला.

तिने ते जसंच्या तसं लिहिलं. अहिराणी वाक्यं ठेवली, शेवटी काही शेरा मारला नाही. लोक वाचतील आणि गप्प होतील, एवढंच तिला वाटत होतं.

छापलेली गाइड हातात आली तेव्हा ते प्रकरण त्यात नव्हतं. त्याच्या जागी पिवळी चौकट होती: ‘माहीत आहे का? खड्ड्यातला माल एकदम ओरिजिनल होता! मावशींनी चव दोनदा घेतली!’ खाली हसून डोळ्यांतून पाणी येणारा चेहरा. बाजूच्या पानावर मंगलाबाईच्या तोंडाचा मुखवटा, कापून दोरा लावण्यासाठी तुटक रेघ आखलेला. आणि वर छायाचं नाव.

“हे काय केलंत, योगराजभाऊ?”

“तू लिहिलंस तेच आहे. थोडक्यात केलंय.”

“त्या बाईला मारून टाकलं असतं त्यांनी.”

“मेली नाही ना?” योगराज फोनवरून नजर न काढता म्हणाला. “बघ छाया, लोक गाइड कशासाठी घेतात? सिनेमा अजून आवडावा म्हणून. तू त्यांना सिनेमा आवडायचा बंद करशील.”

गाइडचं प्रकाशन खान्देशी समाजाच्या वाडीत, लग्नं लागतात त्या हॉलमध्ये, होतं. छायाने ठरवलं होतं की जायचं नाही. पण मंगलाबाईला आणणार आहेत असं कळलं, म्हणून ती गेली. हॉल भरला होता. पहिल्या दोन रांगांतल्या तरुणांनी ते मुखवटे कापून तोंडाला लावले होते. एकाच बाईचे पंचवीस-तीस चेहरे, सगळ्यांच्या हनुवटीवर छापील घाण. स्टेजच्या कडेला प्लास्टिकच्या टबात चॉकलेटचं पातळ पाणी भरून ठेवलं होतं, वर पाटी: ‘मावशीसोबत सेल्फी’. गरमीने त्यावर माशा बसत होत्या.

मंगलाबाई नवी साडी नेसून खुर्चीवर बसली होती. सुकलालच्या गळ्यात हार होता आणि तो त्याने काढला नव्हता. योगराजने माइकवर तिला टबाकडे बोलावलं. ती उठली नाही. सुकलालने तिचा दंड धरला. “जाय ना. नुसतं पाय टाक. लोके आशा लायीसन बठेल शेतस.”

तिने हात सोडवून घेतला आणि माइक मागितला. तिने छायाला सांगितलं होतं तेच, त्याच सपाट आवाजात सांगितलं. संडासची टाकी म्हणाली, तिथे पहिली शिट्टी आली. कान गेला म्हणाली, तर लोक मांड्यांवर थापा मारून हसायला लागले. त्यांना वाटलं, मावशी अजून त्याच भूमिकेत आहे. मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोर!” मंगलाबाई थांबली. ती समोरच्या तोंडांकडे, म्हणजे आपल्याच तोंडांकडे, बघत राहिली.

छाया स्टेजवर कधी चढली ते तिला आठवत नाही. तिने टब दोन्ही हातांनी उचलून उलटा केला. गोडसर वासाचं ते तपकिरी पाणी गालिच्यावर, योगराजच्या पांढऱ्या बुटांवर, विक्रीला लावलेल्या गाइडांच्या गठ्ठ्यावर पसरलं. आणि मग सगळ्यात मोठं हसू फुटलं. हातातले फोन वर गेले. लोकांना हाही कार्यक्रमाचाच भाग वाटला.

छाया मंगलाबाईला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. गल्लीत तिने भिंतीला हात टेकला आणि ओकली. मंगलाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ती बाजूला उभी राहिली आणि ओकून झाल्यावर पाण्याची बाटली पुढे केली.

रिक्षात ती म्हणाली, “तुले मी एकलीले सांगेल व्हतं. तू लिखाले नको व्हतं.”

“तुम्ही नाही म्हणाला नव्हतात, मावशी.”

“तू इचारं बी नव्हतं.”

छायाने बाटलीचं झाकण लावून ती परत दिली.

टब उलटा केल्याचा व्हिडिओ मूळ सिनेमाच्या तुकड्यापेक्षाही जास्त फिरला. पहिली आवृत्ती संपली. योगराजचा फोन आला तेव्हा तो रागावलेला नव्हता, उलट लाडात बोलत होता. दुसऱ्या आवृत्तीत ‘प्रकाशनाचा राडा’ असं नवं प्रकरण घालायचं होतं, छायाच्याच शब्दांत. शिवाय मंगलाबाईच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग हवं होतं. त्यातला तिचा आवाज रीलला लावायचा होता.

“तो आवाज माझा नाही,” छाया म्हणाली. “आणि मी आता तुमच्याकडे नाही.”

“तुझं नाव तर राहणारच,” योगराज म्हणाला. “कव्हर छापून तयार आहे.”

ती भेस्तानला गेली. सुकलाल घरात नव्हता. तो कडोदऱ्याला भावाकडे राहायला गेला होता आणि हॉलमध्ये बायकोने अब्रू घालवली असं सांगत फिरत होता. छायाने फोन पुढे केला. या वेळी तिने विचारलं, काय करू?

मंगलाबाईने रेकॉर्डिंग लावायला सांगितलं आणि उजवा कान फोनजवळ आणला. दुसऱ्यांदा पडायच्या ठिकाणापर्यंत तिने ऐकलं. “काढी टाक,” ती म्हणाली. छायाने ते तिच्यासमोर पुसून टाकलं.

गाइडची दुसरी आवृत्ती आली. तीही खपली. रिंगरोडच्या मार्केटात ती मुखवट्यासकट टांगलेली दिसते. छाया आता एका क्लासमध्ये गणिताच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. रस्त्यात कुणी ओळखून हसलं की तिला अजून तोच गोड, माशा बसलेला वास येतो आणि ती रस्ता बदलते.

मंगलाबाईकडे ती कधीकधी जाते. गेली की एक साडी स्वतःपुढे ओढते आणि टिकल्या लावायला बसते. मंगलाबाई तिला ‘माझ्या उजवीकडे बस’ म्हणते. दोघी सिनेमावर बोलत नाहीत. परवा शेजारच्या घरातून मोबाइलवर तोच खड्ड्याचा आवाज आणि मागोमाग हसू ऐकू आलं. छायाचा हात थांबला. मंगलाबाई उठली, शेजारच्या दारात गेली आणि म्हणाली, “बंद कर ते.” शेजारणीने बंद केलं. मंगलाबाई परत येऊन बसली आणि गोंदाची वाटी जवळ घेतली.