उभं असो की आडवं

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा! मी एक जुना, कुजका ओंडका आहे. शहराच्या मधोमध जे दान मिळालेलं जंगल आहे ना, त्यात मी पडून असतो. पडून म्हणजे आळसाने नव्हे हं. कामावर असतो.

पूर्वी मी उभा होतो. हे सगळं रान तेव्हा एका लाकूडव्यापाऱ्याचं होतं. माणूस कसला, चालती करवत! आजूबाजूच्या टेकड्या त्याने बोडक्या करून टाकल्या होत्या. आमचाही नंबर लागणारच होता, पण त्याची बायको आजारी पडली. घरात तिचा जीव गुदमरायचा, म्हणून तो तिला हाताला धरून इथे आणायचा आणि माझ्या बुंध्याशी टेकवून बसवायचा. पुढे ती गेली. त्यानंतर मात्र या रानाला करवत लावायला त्याचा हात धजेना. अख्खं रान त्याने शहराला देऊन टाकलं. "करून करून भागला आणि देवपूजेला लागला!" असं लोक म्हणाले. म्हणेनात का! त्याची एकच अट होती : "उभं असो की आडवं, इथलं लाकूड उचलायचं नाही. जिथलं तिथे मातीत जाऊ द्यायचं. अट मोडलीत, तर रान परत माझ्या लेकीचं."

मग एका वादळात मी आडवा झालो. वाटलं, संपलं सगळं. छे! खरा संसार तर तिथून पुढे थाटला. भुंगेऱ्यांच्या अळ्या आल्या, गोमा आल्या, भूछत्रं उगवली, सापसुरळीने पोटाखाली अंडी घातली. सुतारपक्षी तर हक्काने जेवायला येऊ लागला. एक शिक्षिका मुलांना घेऊन यायच्या. "उभ्या झाडापेक्षा या पडलेल्या झाडात जास्त बिऱ्हाडं आहेत," असं त्या सांगायच्या, तेव्हा मी मनातल्या मनात फुगायचो.

आणि मग आली सुशोभन समिती. शी! नाव काढलं तरी अंगाची साल आक्रसते. तिच्या अध्यक्षांना सगळे पाठीमागे चकाचकसाहेब म्हणत. त्यांना जंगल हवं होतं, पण दिवाणखान्यासारखं! त्यांनी चक्क जंगलात झाडू मारायला लावला. वाळलेली पानं म्हणजे आमच्या तोंडचा घास. ती प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबली आणि कचऱ्याच्या गाडीत घातली. झाडांना कमरेपर्यंत पांढरा रंग फासला. पोकळ खोडं पाडली, तशी घुबडं निघून गेली. मग खांबांवर कर्णे लावून त्यांतून पाखरांचे आवाज सोडले. मळमळतं हो मला! आणि फिरायला येणारे म्हणतात, "वा, आता कसं छान वाटतं!" गाढवाला गुळाची चव काय!

एके दिवशी साहेब माझ्यापाशी आले आणि बुटाच्या टोकाने मला ढोसून म्हणाले, "काय ही घाण! पण या टोकाचं लाकूड टणक दिसतंय. आपल्या दात्याची जन्मशताब्दी आहे, त्यांच्या नावाचा बाक करू याचा. उरलेलं समारंभ झाला की उचलून फेकून द्या."

झालं! माझा टणक भाग कापून नेला. तासला, कीड लागू नये म्हणून औषधात बुडवला, वर वॉर्निश चोपडलं.

समारंभाला दात्याची लेक आली. केस पांढरे, पण कणा ताठ. साहेबांनी तिला मोठ्या मानाने बाकावर बसवलं. ती वखारीत वाढलेली, तिचा हात आपोआप लाकडावरून फिरला.

"कुठलं हो हे लाकूड?"

"इथलंच, ताई!" साहेब कौतुकाने म्हणाले. "तो काय, त्या ओंडक्याचं."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चटका बसल्यासारख्या उठल्या.

"बाबांना बाक हवा असता, तर वखारीत लाकडाची काय ददात होती? त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. तीच मोडून वर त्यांचं नाव कोरलंत?"

"अहो ताई, घाण होती ती. किडे, बुरशी..."

"त्याच झाडाला टेकून माझी आई बसायची. तिला तेवढाच मोकळा श्वास मिळायचा. आता उरलेल्याला हात तर लावून बघा, रान परत घेते! आणि हा बाक जिथला तिथे नेऊन ठेवा."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. बाक मुकाट्याने माझ्याशेजारी आणून ठेवला गेला.

मी वाचलो, मित्रांनो, पण अर्धाच. त्या बाकाला अजून वाळवीसुद्धा तोंड लावत नाही. मुंग्या वळसा घालून जातात. पाऊस पडतो आणि वरच्या वर ओघळून जातो. माझंच अंग ते, पण त्याला मातीत जाता येत नाही. नुसतं चकाकत बसतं. बघून ओकारी येते मला, आणि रडूही येतं.

म्हणून सांगतो, रानात आलात की आम्हाला स्वच्छ करू नका. माझी साल उचलून आत बघायचं असेल, तर खुशाल बघा. किळस आली तर येऊ द्या. पण बघून झालं की साल होती तशी हळूच ठेवा. आत लेकुरवाळ्या राहतात.