सोप्यात बुडणारं जहाज

कुणाचा विश्वास बसायचा नाही, न बसला तरी माझं काही जात नाही. पण अनगोळच्या गल्लीत, जिथं पाणी म्हणजे नळाला येईल तेवढंच, तिथं रवळूअण्णाच्या सोप्यात, घराच्या पुढच्या खोलीत, रोज चहाच्या वेळेला एक जहाज बुडायचं.

भाच्यानं, नागेंद्रनं, टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं होतं. त्यावर जुन्या काळातल्या जहाजांचे सिनेमे फुकट सापडायचे. शिडं, धुराडी, काळ्या-पांढऱ्या लाटा. रवळूनं खरा समुद्र पाहिलेला गोव्यात, तोही गुडघ्यापर्यंत. पण धाकटा लेक सूरज ज्या मालवाहू जहाजावर नोकरीला होता ते वादळात बेपत्ता झालं, आणि म्हातारा दर्याचा जाणकार होऊन बसला. इंग्रजी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तरी बायकोला, मालुबाईला, तो वाक्य न् वाक्य मराठीत सांगायचा, आणि त्याच्या मराठीत एकही खलाशी मरत नसे.

बेपत्ता झाल्याचं कळलं तेव्हा मालुबाईनं अन्नच टाकलं होतं. आता कुठं अर्धी भाकरी पोटात जात होती. म्हणून सोमवारी, ती गिरणीत गेली असताना, कंपनीचा फोन आला की शोध थांबवलाय, पोरगा गेला असंच धरा, तेव्हा रवळूनं तोंड धुतलं, आणि ती दळण घेऊन आल्यावर म्हणाला, "शोधायला आनखी बोटी सोडल्यात म्हनं."

तेव्हापासून त्याच्या गोष्टी आणखीच सुटल्या.

आज पडद्यावर खलाशांनी कापडात शिवलेलं काहीतरी लांबडं फळीवर ठेवलं आणि फळी समुद्राकडं कलती केली.

"काय टाकत्यात वं ते?" मालुबाईनं विचारलं.

"गव्हाचं पोतं. वजन उतरलं की बोट वर येती."

"मग पोत्याम्होरं टोप्या काढून का उभारल्यात?"

रवळूनं चहाची बशी तोंडाला लावली. "वारं हाय गं. उडून जात्यात न्हवं!"

"लई इंग्रजी शिकलासा."

"मग! त्यो कप्तान काय म्हनतोय म्हाईत हाय? म्हनतोय, ह्या दर्यात एक बेट हाय. तिथली माकडं नारळ सोलून मानसाच्या हातात देत्यात. बुडलेली मानसं तिथं जाऊन अंगानं अशी सुटत्यात, की घरच्यांनी वळखू नये. आपला सूरज तर हिरीत पवलेला गडी..."

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. त्यानं खोकून घेतलं.

मालुबाई पडद्याकडं बघतच नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. बाहेर दिवेलागण झाली होती.

"देवाम्होरं दिवा लावा," ती म्हणाली.

"तू लाव. गुडघा धरलाय माझा."

"सकाळी स्टुलावर चढून पंखा पुसलासा, तवा न्हवता धरला?"

"तवापास्नंच धरलाय बघ."

तिनं हात लांब करून टीव्ही बंद केला. सोप्यात अंधार झाला.

"सोमवारपास्नं देवाला पानी न्हाय, गंध न्हाय. आंघुळ करून देव्हाऱ्याला वळसा घालून जातासा. माझ्यासंगं खोटं बोलाय जमतंय, देवासंगं जमंना व्हय? बेट न्हाय, माकडं न्हाईत, बोटीबी न्हाईत. सुतक पाळताय तुमी माझ्या लेकराचं. आनी तेबी एकट्यानं!"