कडूबाईचा गुडघा

टेंभुर्णीच्या कडूबाईनं उभी हयात शेळ्यांमागं काढली होती. साठी ओलांडली आणि उजव्या गुडघ्यानं दगा दिला. सकाळी पाय आखडलेला असे, जरा हिंडलं की सैल होई. पण दूध काढायला उकिडवं बसलं, की उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकत. शेवटी तिनं हिंडणंच सोडलं आणि बाज धरली. दिवाळीपर्यंत दुखणं वाढतच गेलं.

"माय, शेळ्या विकून टाकू," मुलगा राधाकिसन म्हणाला. "गिऱ्हाईक पाहून ठेवलंय."

"संक्रांतीपर्यंत थांब," ती म्हणाली आणि सून वर्षाराणीला घेऊन जालन्याला दवाखान्यात गेली.

तिथं व्यायाम शिकवणाऱ्या तृप्ती मॅडमनी तिला एक्स-रे दाखवला. "हाडांमधली गादी झिजलीय, मावशी. ती पहिल्यासारखी होणार नाही. पण मांडी बळकट झाली, तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. बसून राहिल्यानं तुमची मांडीच वाळलीय."

"म्हंजी आराम करूनच मी दुखणं वाढवलं?"

"हो. आता बेतानं चालायचं. चालताना थोडं दुखलं तरी भ्यायचं नाही. दुसऱ्या सकाळीही ठणका राहिला, तर मात्र कमी करायचं. आणि काठी डाव्या हातात धरा, दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही."

कडूबाईला हसू आलं. काठी कशी धरायची, हे तिला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर ती बाजेच्या कडेला बसून पाय सरळ ताणून धरू लागली, खुर्चीवरून हात न टेकता उठू लागली. दूध काढायला राधाकिसननं तिला उंच स्टूल करून दिलं. थोडं बरं वाटताच तिनं शेळ्यांमागं थेट लांबचा नाला गाठला. रात्री गुडघा टम्म फुगला.

"आत्याबाई, उद्या शेळ्यांमागं मी जाते," वर्षाराणी थंड फडकं ठेवत म्हणाली. कडूबाईनं मुकाट ऐकलं. सूज उतरल्यावर ती आधी बांधापर्यंतच गेली, मग हळूहळू पुढं.

संक्रांत झाली आणि गिऱ्हाईक आलं. राधाकिसन त्याला घेऊन रानात गेला, तर कडूबाई बाभळीखाली काठी टेकून उभी होती. मुलाला वाटलं, ती आता रडेल, नाही तर भांडेल.

"दोन बोकड घेऊन जा," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "लई पळवतेत. त्यांच्यामागं पळणं आता माझ्याच्यानं होत न्हाई. शेळ्या माझ्या चालीनं चालतेत, त्या ऱ्हाऊ द्या."

"अन् पाय पुन्हा दुखला तर?" राधाकिसननं विचारलं.

"दुखंलच की. त्या दिवशी वर्षाराणी येईल, तिचं-माझं ठरलंय. तू बोकड धर, मी शेळ्या घेऊन पाण्यावर चालले."

ती कळपाला हाक घालत निघाली.