रिकामा डावा हात

अबू सायेल गाडीतून उतरायच्या आधीच चिडलेले होते.

"काका, एकच सांगतो," गाडी फाटकापाशी लावत पुतण्या मुहन्नद म्हणाला, "आज कुणी फोन बघत बसला तरी त्याला बोलू नका. म्हणाल तितक्या वेळा तुमच्या डोक्याचा मुका घेतो."

"मी कधी कुणाला बोललो?"

"मागच्या उन्हाळ्यात, मादाबा गावात. मागणी अर्धी टाकून उठून आलात. त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं."

"चांगल्या घरी झालं," अबू सायेल म्हणाले आणि अंगावरचा काळा झगा सावरत उतरले.

करक गावाच्या पंचक्रोशीत मुलगी मागायची असली, किंवा दोन घराण्यांतलं भांडण मिटवायचं असलं, की लोक अबू सायेलना पुढे घालत. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्याहून चांगलं होतं त्यांचं थांबणं. देवाचं नाव घेऊन झालं की ते असे थांबत की सगळी बैठक श्वास धरून बसे. अलीकडे मात्र ते थांबले की लोक फोन बघून घेत.

फोनचा त्यांना राग होता हे म्हणणं कमीच. जेवताना डावा हात पाठीमागे ठेवायचा, हे त्यांना वडिलांनी तो हात डोक्याच्या रुमालाने कमरेला बांधून शिकवलं होतं. ताटाभोवती उभं राहायचं, उजव्या हाताने खायचं, डावा मागे. शेकडो वर्षं त्या डाव्या हाताला काही काम नव्हतं. आता त्याला काम मिळालं होतं आणि तो पुढे आला होता.

पण आजची गोष्ट मुहन्नदची होती. अबू हैसम यांची मधली मुलगी तग्रीद त्याला हवी होती, तिलाही तो हवा होता, आणि दोन्ही घरांत आतून होकारही झाला होता. फक्त चारचौघांत मागायचं आणि चारचौघांत 'दिली' म्हणवून घ्यायचं, एवढंच राहिलं होतं. मुहन्नदच्या वडिलांच्या माघारी हे काम काकांशिवाय कोण करणार? आणि काकांनी मादाबासारखं केलं तर पुन्हा या दारात कोण उभं करणार?

आत शिरताच अबू सायेलना दिसलं की मनसफची ताटं आधीच मांडलेली आहेत. भातावर मटण, त्यावर घट्ट दह्याचा रस्सा, वर बदाम, आणि वाफा. मागणी व्हायच्या आधी जेवण?

"ताटं आत्ताच का आणलीत?" त्यांनी विचारलं.

"वाफ दिसायला हवी ना," यजमान अबू हैसम म्हणाले. ते नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते. डाव्या हातात फोन उंच धरून ते ताटावरून हळूच फिरवत होते, आंधळा माणूस काठी फिरवतो तसा. "लाइव्ह चाललंय. सगळा तालुका बघतोय. या, अबू सायेल, या. जरा इकडे बघून हात हलवा."

अबू सायेलनी हात हलवला नाही. मुहन्नदने घाईघाईने दोन्ही हात हलवले.

सगळे बसले. वाढप्याने कडू कॉफीचा पहिला पेला अबू सायेलच्या हातात दिला. रीतीप्रमाणे त्यांनी तो न पिता समोर ठेवला. मागितलेलं मिळेपर्यंत पाहुण्याने या घरची कॉफी प्यायची नाही, अन्नाला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही कळतं. म्हातारी माणसं गप्प झाली. तरुणांनी फोन वर केले.

अबू सायेलनी देवाचं नाव घेतलं. मग ते थांबले.

"कॉफी घ्या, अबू सायेल," यजमान अंगठ्याने पडदा सरकवत म्हणाले. नजर खालीच. "जे मागायला आलात ते दिलं."

बैठकीत एकच गलका उठला. आतल्या खोलीतून बायकांचा जीभ हलवत काढलेला आनंदाचा चीत्कार आला. मुहन्नदने डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला.

अबू सायेलनी पेला उचलला नाही.

"काय दिलंत?"

"अं?"

"काय दिलंत, विचारतोय."

"तुम्ही मागितलंत ते."

"मी अजून काही मागितलेलं नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि श्वास घेतला. यातलं काय दिलंत मला?"

गलका विरला. यजमानांनी पहिल्यांदा मान वर केली, तीही पोहणारा हवेपुरती करतो तेवढीच. "मुलगी हो, अबू सायेल. दुसरं काय?"

"कुठली? तुम्हाला तीन आहेत."

"काका," मुहन्नदने झग्याचं टोक ओढलं.

"शेळी विकताना माणूस एकदा तरी वर बघतो, अबू हैसम. भाव करतो. घेणारा कोण, नेणार कुठे, विचारतो. तुम्ही पोर दिलीत आणि अंगठाही थांबवला नाहीत!"

"माझ्या घरात येऊन मला शिकवता?" यजमानांचा चेहरा लाल झाला. "शब्द दिला ना? मग झालं तर. कॉफी घ्या आणि जेवा!"

"शब्द दिलात? जे मागेन ते?"

"एकदा सांगितलं ना!"

"मग हा फोन द्या."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मुहन्नद कुजबुजला, "काका, मुलगी! मुलगी मागा!"

"तू गप्प बस. तुझी पाळी यायची आहे."

"थट्टा करता माझी?" यजमान उठून उभे राहिले.

"थट्टा तुम्ही सुरू केलीत. वाफेपासून."

कोपऱ्यात बसलेले यजमानांचे थोरले भाऊ खाकरले. "अबू हैसम, शब्द गेलाय. आणि तुझा तालुका बघतोय ना?"

बघत होता. दिलेला शब्द मागे घेणारा उमेदवार तालुक्याला आयता, फुकट बघायला मिळणार होता. अबू हैसम यांनी फोनकडे पाहिलं, अबू सायेलकडे पाहिलं, आणि दात उपटून द्यावा तसा तो दिला. लाइव्ह बंद कसं करतात हे अबू सायेलना ठाऊक नव्हतं, विचारायची इच्छाही नव्हती. फोन डाव्या हातात धरून त्यांनी तो पाठीमागे नेला. तालुक्याने पुढचा सगळा वेळ काळं कापड पाहिलं.

मग त्यांनी समोरचा पेला उचलला, एका घोटात संपवला आणि वाढप्यापुढे धरला. "दुसरा."

दुसरा पेला खाली ठेवून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. थांबले. यावेळी सगळे थांबले. मुलाचं घराणं सांगितलं, वारलेला बाप सांगितला, मुलाचा स्वभाव सांगितला, आणि शेवटी मुलीचं नाव घेतलं: तग्रीद.

अबू हैसम ऐकत होते. ऐकण्यावाचून इलाजच नव्हता. हात कुठे ठेवावेत हे न कळून त्यांनी ते मांडीखाली घातले होते.

"राहणार कुठे?" त्यांनी विचारलं.

"अम्मानला," मुहन्नद म्हणाला. "दोन खोल्या आहेत."

"आणि तिचं शिक्षण? शेवटचं वर्ष आहे तिचं."

"हो, फार्मसीचं."

"फार्मसीचं," अबू हैसम म्हणाले, जणू आत्ताच कळलं. मग म्हणाले, "तिला कुणी विचारलंय का?"

"तिच्या आईने विचारलं असेलच की," भाऊ म्हणाले.

"मी नाही विचारलं," असं म्हणून अबू हैसम उठले आणि आत गेले.

आता अबू सायेलचा राग स्वतःवर वळला. मुलगी मिळाली होती. हातात आली होती, आणि आपण ती परत दिली, वर बापाला विचार करायला शिकवलं! मटणावर चरबी पांढरी धरू लागली. आतून काही ऐकू येत नव्हतं. बराच वेळ झाला. नकार द्यायला एवढा वेळ लागत नाही, आणि होकारालाही.

मुहन्नदच्या खिशात काहीतरी गुरगुरलं. त्याचा हात खिशाकडे गेला. अबू सायेलनी नुसतं पाहिलं.

"काका, तिचाच असेल."

"असू दे."

"अहो, उत्तर त्यात असेल!"

"उत्तर त्या दारातून येईल. दोन पायांवर चालत."

आलं. अबू हैसम दारात उभे राहिले, घसा साफ केला. "हो म्हणाली. लग्न परीक्षेनंतर. तिची अट आहे, माझी नाही." मग अबू सायेलच्या नजरेला नजर देऊन म्हणाले, "कॉफी घ्या. दिली."

कॉफी थंडगार झाली होती. अबू सायेलनी ती तशीच प्यायली.

सगळे गार मनसफभोवती उभे राहिले, उजवे हात भातात, डावे पाठीमागे. अबू सायेलच्या पाठीमागे फोन सारखा थरथरत होता. त्यांनी एकही घास चुकवला नाही. निघताना दारात त्यांनी तो परत केला. निरोपाचे शब्द अजून तोंडात असतानाच अबू हैसम यांची मान खाली गेली होती.

गावाबाहेर मुहन्नदने गाडी बाजूला घेतली आणि फोन काढला. ज्या निरोपासाठी त्याचा जीव जात होता, तो मोबाइल कंपनीचा निघाला: शुक्रवारची खास सवलत. तग्रीदचा नंतर आला होता, जेवणाच्या वेळी. तो त्याने मोठ्याने वाचला:

"बाबा माझ्यासमोर बसले होते. हातात काही नव्हतं. मला लगेच हो म्हणायचं होतं. पण म्हटलं नाही, मुद्दाम वेळ लावला. म्हटलं, बसू देत."

मुहन्नदने फोन खाली ठेवला. 

"आणि त्या गाढवाला वाटतंय," अबू सायेल म्हणाले, "मी त्याचा अपमान केला."