पिवळा त्रिकोण

"स्क्रीनवर काय लिहिलंय ते जरा वाचून दाखवता का?"

हे वाक्य आम्हाला शिकवून ठेवलंय. दुपारपर्यंत डोकं चालेनासं झालं की ते आपोआप सुटतं. आमची कंपनी अंध माणसांसाठी प्रोग्रॅम बनवते. स्क्रीनवरचं सगळं तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तो बिघडला की लोक मला फोन करतात आणि मी त्यांना वाचून दाखवायला सांगते. आता काय बोलायचं!

पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "वाचता आलं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

मी जीभ चावली.

डॉक्टर बोलून ठेवतात ते रिपोर्ट ही बाई घरी बसून टाइप करते, एका हॉस्पिटलसाठी. सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर आमच्याच प्रोग्रॅमनं तिला विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, बसवू का? तिनं एंटर दाबलं. त्यानंतर कॉम्प्युटर जो मुका झाला तो झालाच.

"इतकी वर्षं तोच मला सगळं सांगतो," ती म्हणाली. "त्यानं विचारलं, मी हो म्हटलं."

"घरात कुणी डोळस आहे का?"

"आई आहे. पण तिला इंग्रजी येत नाही, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू."

"असू दे. काय दिसतंय ते सांगू दे त्यांना."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक म्हातारा आवाज म्हणाला, "पिवळा त्रिकोण आहे हो. आत एक काठी उभी आणि तिच्याखाली टिंब. बाजूला नुसत्या मुंग्या."

बास, मला कळलं. नवीन आवृत्ती आल्यापासून या त्रिकोणानं माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत. तुमच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर जुना आहे, त्यावर हा प्रोग्रॅम चालणार नाही, असं त्या मुंग्या म्हणत असतात. खाली एकच बटण असतं, 'ठीक आहे'. ठीक आहे म्हणे. काय ठीक आहे, डोंबल?

"नवा बसला नाही, तर मग माझा जुना कुठे गेला?" बाईनं विचारलं.

तेच तर दुखणं होतं. आमचा इन्स्टॉलर आधी जुना प्रोग्रॅम काढून टाकायचा आणि मग नवा चालेल का ते बघायचा. म्हणजे घर पाडायचं आणि मग प्लॉट आपला आहे का ते विचारायचं. हे मी तिला सांगू शकत नव्हते. मी ठरलेलं उत्तर दिलं, "मॅडम, तुम्हाला नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल."

मागून आई म्हणाली, "हा काय वाईट आहे? रोज पुसते मी."

बाई म्हणाली, "मागे तापात एक दिवस काम चुकलं, तर हॉस्पिटलमधली बाई म्हणाली की डोळस मुली रांगेत उभ्या आहेत. आजचे रिपोर्ट संध्याकाळपर्यंत गेले नाहीत तर माझं काम गेलं. आणि ताई, माझ्या कामाला मला कुणी वाचून दाखवावं लागत नाही, एवढीच काय ती माझी मिजास आहे."

मला स्वतःचाच राग आला. "फोन ठेवू नका," म्हटलं आणि उठून मागच्या रांगेत गेले. तिथे प्रोफेसर बसतो. इन्स्टॉलर तोच लिहितो, चष्मा कायम कपाळावर म्हणून हे नाव.

"तुझा तो त्रिकोण बोलत का नाही रे?"

"कसा बोलेल?" मान वर न करता तो म्हणाला. "आवाज प्रोग्रॅमचा. तो बसलाच नाही तर आवाज कुठून आणू?"

त्याचं बोलणं त्याच्याच कानावर पडलं असावं, कारण त्यानं हळूच चष्मा खाली घेतला.

जुनी आवृत्ती वेबसाइटवरून काढून टाकायचा हुकूम होता. पण प्रोफेसरच्या टेबलाखाली एक जुनाट कॉम्प्युटर होता, तो त्रिकोण येतो की नाही हे तपासायला ठेवलेला. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. आजोबांच्या पोटात ती आवृत्ती होती.

"साहेबांना कळलं तर?"

"साहेबांचं मी बघते. तू काढ."

त्यानं ती काढून एका लिंकवर चढवली आणि मग सुरू झालं उंटावरून शेळ्या हाकणं. मी बटणं सांगायची, बाईनं दाबायची आणि आईनं बघायचं. बाईचं एक अक्षर चुकलं नाही. "निळी पट्टी अर्धी भरली," आई सांगत होती. "थांबली. नाही, निघाली परत."

आणि फोनमधून तो आवाज आला, इतका भरभर की मला ओ की ठो कळलं नाही. तिला सगळं कळत होतं. ती रडायलाच लागली. आई म्हणत होती, "बोलला गं, बोलला."

"ताई, थांबा," बाई एकदम म्हणाली. "तो विचारतोय, नवीन आवृत्ती बसवू का?"

"एंटर नको! आधी टॅब, मग एंटर. आणि हे तो रोज विचारणार."

"मग मी रोज नाही म्हणेन."

रिपोर्ट वेळेत गेले. ऑफिस सुटायच्या आत प्रोफेसरनं माझ्यापुढे माइक ठेवला. इन्स्टॉलर आता आधी प्रोसेसर बघणार होता, पण त्रिकोणाला आवाज हवा होता. दिवसभर बोलून माझा घसा बसला होता. तशाच आवाजात मी म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर या आवृत्तीसाठी जुना आहे. तुमचा आधीचा प्रोग्रॅम जागेवर आहे. घाबरू नका. एंटर दाबा." 'घाबरू नका' कुणी लिहून दिलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. प्रोफेसरनं ते ठेवलं.

नंतर एका कंटाळवाण्या दुपारी तिचाच फोन आला. मी घाबरतच विचारलं, "काय झालं?"

"तो रोजचं ते 'बसवू का' विचारत होता आणि आई कीबोर्ड पुसत होती, एंटर दाबलं गेलं. मी स्वयंपाकघरात होते."

"गेला प्रोग्रॅम?"

"नाही हो, आहे जागेवर. तुमचा आवाज आला तेवढा. आई मला हाक मारून म्हणते, अगं ती फोनवाली आलीय, घसा बसलाय बिचारीचा, पाणी आण."